गुडघा घ्या

१

काळीपिवळी जीपच्या पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून तीन माणसं बसतात. मधल्या माणसाने पाय कुठे ठेवायचे, हे गाडी बनवणाऱ्याला सुचलेलं नसावं. गिअरची दांडी नेमकी त्याच्या पायांत येते. पहिला गिअर पुढे जातो, तेव्हा काही होत नाही. दुसऱ्याला मात्र दांडी सरळ मागे ओढावी लागते आणि ती मधल्याच्या गुडघ्यावर आपटते. म्हणून आमच्या अनसिंग-वाशिम लायनीवरचा प्रत्येक ड्रायव्हर दुसरा टाकायच्या आधी एक शब्द म्हणतो. "गुडघा." म्हातारी असली तर "गुडघा घ्या, मावशी." मधली सवारी पाय बाजूला करते, दांडी मागे येते, गाडी पुढे जाते. दिवसातून शंभर वेळा. मोबाईलवर भांडत असलेला माणूससुद्धा भांडण न थांबवता गुडघा घेतो, इतकी सवय.

माझे वडील पुंजाजी. त्यांनी या लायनीवर वीस वर्षं गाडी चालवली. वीस वर्षं मधली सीट रिकामी ठेवली. कोणी बसायला लागलं की म्हणायचे, "मधात गिअर लागते, मांगं बसा." आणि त्याच रिकाम्या सीटला वीस वर्षं "गुडघा" म्हणत राहिले.

लहानपणी मला याचं हसू यायचं. मोठा झाल्यावर चीड यायला लागली.

मागच्या वर्षी शुगरने त्यांची नजर अधू केली आणि लायसन रिन्यू होईना. मला डिप्लोमा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षातून उचलून आणलं. मी म्हटलं, ड्रायव्हर ठेवा, लायनीवर पोरं बेकार पडून आहेत. ते म्हणाले, "घरचाच मानूस पायजे."

"काहून?"

"पायजे म्हनून."

आमच्या घरातलं हे उत्तर आहे. कोणत्याही प्रश्नाला चालतं. माझी धाकटी बहीण संस्कृती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. दोघांचं शिक्षण झेपत नाही, एकाने थांबावं, असं समोर बसून सांगितलं असतं तर मी थांबलो असतो. पण मोठ्या माणसांना सांगायचं नसतं. मानायला लावायचं असतं.

गाडी हातात देताना त्यांनी दिलेलं सगळं ट्रेनिंग दोन वाक्यांचं होतं. "मधात कोनाले बसवू नको. अन् दुसरा टाकाच्या आधी गुडघा म्हन."

"मधात कोनी नसनच, तं गुडघा कोनाले म्हनू?"

"म्हन फक्त."

मी म्हटलं नाही. आणि पहिल्या दिवसापासून दुसरा गिअर अडकायला लागला.

गिअर अडकणं मला कळतं. कॉलेजात गिअरबॉक्स उघडून पाहिलेला माणूस आहे मी. बुश झिजला की दांडी डुगडुगते. आतले दात गेले की कर्रकर्र करते. लोखंड लोखंडाला अडलं की हाताला कडक लागतं. हे तसं नव्हतं. दांडी मागे यायची आणि मऊ अडायची. थोडी दबायची, मग थांबायची. गादीत लपवलेल्या काठीला हात लागावा, तशी.

जोर लावला की सुटायची. मी सहा महिने जोर लावत राहिलो.

२

शेवटी ठरवलं, ही दांडीच बदलायची.

वाशिमच्या पुसद नाक्यावर मदनसिंगचं गॅरेज आहे. माणूस बाबांच्याच वयाचा. आमची गाडी त्याच्याच हाताखाली वाढली. त्याने पोत्यावर तीन दांड्या मांडल्या.

पहिली कंपनीची. लांब, वाकडी, आहे तशीच. दुसरी भंगारातली, कुठल्यातरी मेलेल्या जीपची. जाड आणि वजनदार, मुठीवरचे आकडे कोणाच्यातरी तळहाताने पुसून टाकलेले. तिसरी मी महिनाभर मोबाईलवर पाहत होतो ती, शॉर्ट शिफ्टर. आखूड दांडी, खालचा सांधा वर उचललेला, त्यामुळे हाताची चाल अर्धीच होते. वर ॲल्युमिनियमची गोल मूठ, लाल आकडे. जोर थोडा जास्त लागतो, पण दांडी गुडघ्यापर्यंत पोचतच नाही.

गुडघ्यापर्यंत पोचत नाही, याच एका गोष्टीसाठी मला ती पाहिजे होती. ती लागली की मधल्या सीटवर माणूस बसवता येईल आणि तो शब्द कोणाला कधी म्हणावा लागणार नाही. वीस वर्षांचा तो येडपटपणा मला पान्याने उपटून फेकायचा होता.

"हे खेळनं हाय बाप्पा," मदनसिंग म्हणाला. "मोबाईलात नाचनाऱ्या पोरायसाठी."

"तुमी लावा फक्त."

"पुंजाजीले इचारलं?"

"गाडी मी चालवतो, काका."

"चालवतं तू. गाडी त्याची हाय." त्याने लांबवाली दांडी उचलून माझ्यापुढे धरली. "हेच घे लेका. लांब दांडी बरी असते. तिले यायले टाईम लागते. तेवढ्यात समोरचा पाय घेते."

"कोन समोरचा? आमची मधली शीट रिकामी असते."

मदनसिंगने हात पुसायला चिंधी घेतली. हात आधीच पुसलेले होते. "रिकामी असते ना? मंग काई टेन्शन नाई. लावून देतो तुले तुहं खेळनं."

"तुमाले काई माईत हाय का?"

"मले? मले कायचं माईत? मी मिस्त्री हाय."

हे दुसरं उत्तर. बाबांचं 'पायजे म्हनून' आणि यांचं 'मले कायचं माईत'. यांच्या पिढीने एवढ्या दोन वाक्यांवर आयुष्य काढलं आणि वरून आम्हालाच म्हणतात, तुम्ही पोरं ऐकत नाही. ऐकायला आधी कोणी बोलावं लागतं.

३

जॅकवर गाडी उचलून पाहिली तेव्हा पाचही गिअर खट्टखट्ट पडले. मूठ हातात मस्त बसत होती. मदनसिंगसुद्धा म्हणाला, "माल बरा निंगाला बे."

नाक्यावरून सहा सवाऱ्या घेतल्या, सगळ्या मागे. पहिला टाकला, गाडी उचलली, दुसऱ्याला हात मागे घेतला.

मऊ अडली.

मी दांडीकडे पाहिलं. जुन्या दांडीच्या निम्मी तिची चाल. सीटपासून ती वीतभर लांब होती. म्हणजे अडवणारं जे काही होतं, ते तेवढंच पुढे सरकलं होतं.

माझं डोकं फिरलं. नवी दांडी, नवा बुश, अर्धा दिवस गॅरेजात, आणि परत तेच. मी दात खात रिकाम्या सीटला म्हटलं, "घ्या साहेब! गुडघा घ्या!"

दांडी लोण्यात सुरी जावी तशी मागे आली.

त्याच वेळी सीटचं रेक्झिन चर्रर्र वाजलं. उन्हाळ्यात मांडी चिकटलेला माणूस सरकला की वाजतं, तसं.

"कोनासंग बोलून राह्यला बे पवन?" मागून कोणीतरी हसलं. "मोबाईल तं खिशात हाय तुह्या."

मी हसलो नाही. सवाऱ्या उतरवल्या आणि रिकामी गाडी घेऊन बायपासच्या सरळ रस्त्यावर गेलो. भर दुपार होती, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. दहा वेळा न बोलता दुसरा टाकला. दहाही वेळा अडला. दहा वेळा "गुडघा" म्हणून टाकला. दहाही वेळा पडला.

आमच्या घरात लिंबू-मिरची नाही, गंडा नाही, अंगारा नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि भूतखेत नसतं हे मी पाळण्यात शिकलो. विहारात अंधश्रद्धेवर भाषण करायला बाबांनाच उभं करतात. त्यांनी मला शिकवलेल्या गोष्टींतली मी मनापासून मानतो अशी ही एकच. तेव्हा मी विचार केला. शब्द म्हणायला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात क्लच पूर्ण सुटत असेल. म्हणजे खोट क्लचमध्ये आहे. शब्दात काही नाही, अर्ध्या सेकंदात आहे.

खात्री करायला मी "बटाटा" म्हणून पाहिलं.

अडला.

"टमाटा" म्हटलं. अडला. स्वतःचं नाव घेतलं. अडला. मग नुसता गप्प बसून, मनात दोन आकडे मोजून, सावकाश दांडी मागे घेतली. ती अडली, आणि या वेळी तिने हळूच मला परत ढकललं. तळहाताला कळेल एवढंच. झोपेतल्या माणसाला धक्का लागला की तो ढकलतो, तेवढंच.

४

दुसऱ्या दिवशी मी मधली सीट भरली.

माझा हिशोब सरळ होता. गाडी जुनी, खालचा पत्रा गंजलेला. सीटवर वजन आलं की पत्रा दबतो आणि दांडीचा सांधा मोकळा होतो. म्हणून मधे माणूस बसला की गिअर पडला पाहिजे. बसवला. पडला. बडबड न करता, शब्द न म्हणता पडला. मी स्टिअरिंगवर बुक्की मारली. वीस वर्षं या माणसाला एवढं कळलं नाही! पत्रा वेल्ड करून घ्यायच्या ऐवजी मंत्र म्हणत बसला!

दोन आठवडे मी जिंकल्यासारखा फिरत होतो.

मग हळूहळू ध्यानात आलं, की एकदा मधे बसलेलं माणूस दुसऱ्यांदा मधे बसत नाही. कोणी तक्रार करत नव्हतं. फक्त बसत नव्हतं. मागे अकरा जण कोंबलेले असायचे, बारावा दाराला लोंबकळायचा, आणि मधली जागा तशीच. ओल्या बाकाला लोक टाळतात, तसे टाळायचे.

पंचफुलाबाई दर बाजाराला भाजी घेऊन वाशिमला येते. तोंडाची फटकळ. एकदा मधे बसली होती. उतरताना कंबर धरून म्हणाली, "कायची दाटी रे बाप्पा तुह्या गाडीत?"

"पुढं तं तीनच मानसं होते, मावशी."

"तेच तं म्हनून राह्यली. तीनच होते तं मी अर्ध्या ढुंगनावर कायले बसली?"

"तुमी जाड झाल्या आसान."

"जाड तुही बायको व्हईन, भेटली तं!" सगळे हसले. ती हसली नाही. टोपली डोक्यावर घेताना हळू आवाजात म्हणाली, "हाडकं टोचते रे थे. लहान लेकरायचे टोचते तसे."

पुढच्या बाजाराला ती मागे बसली, दाराशी, एक पाय बाहेर.

५

त्याच आठवड्यात एक दुपार.

गाडी अंगणात कडुलिंबाखाली लावून मी जेवायला आलो. आई शेजारी गेली होती. हात धुवायला मागे गेलो आणि परत येताना जाळीच्या दारातून दिसलं, की बाबा गाडीत बसले आहेत. ड्रायव्हरच्या जागी. इंजिन बंद.

डावा हात माझ्या नव्या मुठीवर होता. पहिला टाकला. मग ओठ हलले. शब्द ऐकू आला नाही, पण तो ऐकायची गरज नव्हती. त्यानंतर ते थांबले. एखाद्याला पाय उचलून बाजूला घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढेच थांबले. मग दुसरा टाकला. मग पुन्हा पहिला. पुन्हा ओठ. पुन्हा तेवढंच थांबणं.

सगळं इतकं शांत चाललं होतं, की मी तिथे उभा राहून पाचसहा वेळा पाहिलं. कडुलिंबावर कावळा ओरडत होता. बाबांची मान थोडी डावीकडे कललेली होती. मी बोलत असतो तेव्हा त्यांची मान कधीच माझ्याकडे कललेली नसते.

मी दार आपटून बाहेर गेलो. "काय करून राह्यले?"

ते दचकले. "काई नाई. गिअर पाह्यतो."

"मधात कोन हाय?"

"कोन हाय? कोनीच नाई."

"मंग थांबता कायले?"

त्यांनी मुठीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. त्यांच्या अधू डोळ्यांत पाणी होतं की ते तसेच असतात, हे मला कधी कळत नाही. "दांडी आखूड केली तू," ते म्हणाले. "त्याले कळत नाई आता, कधी घ्यायचा."

"कोनाले?"

"पायाले," ते म्हणाले. "पायाले म्हनलं म्या."

"बाबा, विहारात उभे राहून लोकायले सांगता ना, असं काई नसते म्हनून? मलेबी सांगा. हे काय हाय थे सांगा. क्लच हाय, पत्रा हाय, का तुमचं डोकं हाय? एक कारन सांगा. एकच."

ते गाडीतून उतरले, दार हळूच लावलं, झोपलेलं कोणी उठू नये तसं, आणि घरात गेले. ताट वाढून घेतलं. जेवले.

मी त्या दिवशी जेवलो नाही. भीतीने नाही, रागाने. निदान मला तरी तो रागच वाटला.

६

संस्कृतीचा शेवटचा पेपर सोमवारी होता, वाशिमला, दहा वाजता. हा एक निघाला की ती नर्स. माझं अर्धवट सोडलेलं वर्ष, आईची मजुरी, सगळं त्या एका पेपरात पडलं होतं. तिला वेळेवर पोचवणं एवढंच माझं काम होतं.

नऊ वाजता गाडी भरली. मागे अकरा सवाऱ्या. संस्कृती हॉल तिकिटाची प्लास्टिकची फाईल छातीशी धरून आली आणि मी तिला म्हटलं, "मधात बस."

बाबा दारातून चप्पल न घालता धावत आले. "मधात नको. तिले मांगं बसव."

"मांगं जागा नाई."

"तं खिडकीपाशी बसव. मधात नाई बसवायचं पोरीले."

"मधात वजन नसलं तं दुसरा पडत नाई. अन् उशीर नाई करायचा मले आज. काहून नाई बसवायचं? सांगा. सगळ्यायसमोर सांगा."

मागची अकरा माणसं पुढे वाकून ऐकायला लागली. बाबांचे ओठ हलले आणि परत मिटले. मी एवढंच म्हणत होतो, की सांगा. त्यांनी त्या सकाळी एक शब्द सांगितला असता, कसलाही, खोटासुद्धा, तरी मी तिला मागे बसवलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. म्हणून मी तिला मधे बसवलं. केवळ त्यांनी नको म्हटलं म्हणून. हे मी लिहून ठेवतो, कारण यात माझा वाटा आहे आणि मी त्यांच्यासारखा गप्प बसणार नाही.

बाबा खिडकीच्या जागी चढून बसले. अनवाणीच.

फाट्यापर्यंत सगळं नीट होतं. संस्कृती फाईल उघडून मनात काहीतरी घोकत होती. मग तिने फाईल मिटली. थोडी माझ्याकडे सरकली. मग बाबांकडे. मग म्हणाली, "दादा, दाटी होऊन राह्यली."

"बस ना गपचूप. दहा मिन्ट."

"नाई पन, खरंच. कोनी तरी रेटून राह्यलं."

बाबांनी खिडकीकडे अंग चोरलं. ते काचेला चिकटले, इतके. मधे मूठभर जागा दिसत होती, तरी ती म्हणत होती, दाटी.

नाल्याच्या अलीकडे मोठा उतार आहे. खाली अरुंद पूल. भरलेली गाडी तिथे नुसत्या ब्रेकवर कोणी उतरवत नाही, दुसऱ्यात घालून उतरवतात. पुलावर उसाची ट्रॉली आडवी अडकलेली दिसली. मी तिसऱ्यातून काढून दुसऱ्याला हात मागे घेतला.

मऊ अडली.

मधे माणूस बसलेला असताना, पहिल्यांदा.

"गुडघा," मी म्हटलं.

संस्कृतीने लगेच पाय घेतला. दांडी तिथेच.

"अवं गुडघा घे ना!"

"घेतला ना दादा!" तिने दोन्ही पाय वर सीटवर ओढले. गुडघे हनुवटीशी, फाईल मधे चेपलेली.

मी खाली पाहिलं. एकदाच, कारण उतार होता. तिच्या पायांखालची सगळी जागा मोकळी होती. मुठीच्या मागे हातभर नुसती हवा होती आणि मूठ त्या हवेला टेकून थांबली होती. मुठीभोवती माझी बोटं होती, आणि बोटांच्या मागच्या बाजूला काहीतरी गार, टोकदार, लहान लागत होतं.

गिअर नसलेली गाडी सुटली. ब्रेक दाबला, तो अर्ध्यावर स्पंजासारखा झाला. मागे बाया ओरडायला लागल्या. "अरे थांबव! थांबव बे!" मी "गुडघा, गुडघा" ओरडत होतो आणि दांडी खेचत होतो, आणि मी जेवढा खेचत होतो तेवढं ते घट्ट होत होतं. एखादं लेकरू रागावल्यावर अंग ताठ करतं तसं.

तेव्हा बाबा वाकले. संस्कृतीच्या पायांवरून, त्या मोकळ्या जागेकडे.

"घे रे बेटा," ते म्हणाले. "घे गुडघा. दादाले जाऊ दे. ताईचा पेपर हाय आज."

चोवीस वर्षांत त्यांनी मला त्या आवाजात एकदाही हाक मारलेली नाही.

दांडी मागे आली. इंजिन गुरगुरलं, गाडी ओढली गेली आणि ट्रॉलीच्या मागे दोन हातांवर उभी राहिली.

ट्रॉली निघाली आणि पूल मोकळा झाला. वाशिमपर्यंत संस्कृतीने पाय खाली सोडले नाहीत.

७

पावणेदहाला नर्सिंग कॉलेजच्या फाटकाशी थांबलो. बाबा आधी उतरले आणि दार धरून उभे राहिले. संस्कृती सरकत सरकत उतरली. रेक्झिन वाजलं, चर्रर्र.

मग परत एकदा वाजलं. हळू.

मी ते ऐकलं. मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, बाबांचा हात लागला असेल. मला नेहमी काहीतरी वाटतं.

"पेपर जमन ना?" मी विचारलं.

"जमन," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण परीक्षेला सगळ्यांचाच पडतो. ती फाटकातून आत गेली. जरा तिरकी चालत होती, एक हात खाली सोडून. मी तोही बघितला.

सवाऱ्या तिथेच उतरल्या होत्या. आम्ही दोघेच नाक्याकडे निघालो, मी आणि बाबा, मधली सीट रिकामी. पहिला टाकला, गाडी उचलली. मला कोणाशीच बोलायचं नव्हतं, रिकाम्या सीटशी तर नाहीच. हात मागे घेतला.

दुसरा खट्ट पडला.

बाबांची मान वळली. "गुडघा म्हनला नाई तू."

"नाई म्हनलो."

"परत टाक."

मी परत टाकला. न बोलता. पडला. पुन्हा टाकला. पडला. जॅकवर पडला होता तसा, कोरडा, लोखंडाचा. आठ महिने मला हेच पाहिजे होतं. मी रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून, क्लच दाबून, पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत राहिलो. कधीतरी अडेल म्हणून. अड ना, अड ना, अड.

बाबांनी मधल्या सीटवर तळहात ठेवला. मग अंधारात चष्मा शोधतात तसा तो इकडेतिकडे फिरवला. सीटच्या पुढच्या कडेपर्यंत, मागे पाठीपर्यंत.

"उतरला," ते म्हणाले.

"कोन उतरला?" मी त्यांची कॉलर धरली. बापाची कॉलर धरली मी, भर रस्त्यावर. "कोन उतरला, बाबा? आता तरी सांगा! कोन होता तो?"

त्यांनी तोंड उघडलं. वीस वर्षांचं काहीतरी त्या तोंडात येऊन थांबलेलं मला दिसलं. मग ते म्हणाले, "गाडी पलटव."

फाटकावर वॉचमनने अडवलं. पेपर सुरू झाला होता, मोबाईल बाहेर जमा होते. बाबा त्याला काहीतरी समजावत बसले. मी कंपाउंडच्या मागून, गवतातून, वर्गाच्या खिडकीशी गेलो.

एका बाकावर एकच पोरगी, असं बसवलं होतं सगळ्यांना. सगळ्या बाकाच्या मधोमध बसल्या होत्या. संस्कृती तिसऱ्या रांगेत, खिडकीकडून दुसरी. ती बाकाच्या अगदी कडेला होती. अर्धी बाकावर, अर्धी बाहेर. उरलेला सगळा बाक मोकळा. ती लिहीत होती. पेन थांबत नव्हतं.

मग तिने मान वर न करता, लिहिता लिहिता, आपला गुडघा बाजूला घेतला.

वर्गात कोणी काही बोललं नव्हतं.

थोड्या वेळाने अजून जरासा घेतला. आता तिचा एक पाय पूर्ण रांगेच्या वाटेत आला होता. अजून एवढंच सरकली की ती खाली पडणार होती. तिच्या डाव्या कोपरावर बोटभर रुंदीची जागा पांढरी पडली होती. कोणी दाबून धरल्यावर रक्त सरतं तशी.

मी खिडकीच्या गजांना तोंड लावलं. त्याला बोलवायचं होतं. इकडे ये म्हणायचं होतं, गाडीत चल, तुझी सीट मोकळी आहे, मी रोज म्हणेन, दर वेळी म्हणेन. तोंड उघडलं, आणि हाक मारायला त्याचं नावच मला माहीत नव्हतं.